यादीतली तिसरी अडचण

आमच्या चुलीच्या वर, हात उंचावला की लागेल अशी, बांबूची एक ताटी टांगलेली आहे. तिच्यावर काकडीच्या बिया, भिरंडाची म्हणजे कोकमाची सोलं, मिरच्या, पोरांच्या शाळेचे दाखले आणि माझं यंत्र, असं सगळं दोन पावसाळे एकत्र नांदलं. यंत्र तिथं असायचं हे घराबाहेर मी दोनच माणसांना सांगितलं आहे, तेही नाइलाजानं. आता लिहून टाकते.

मी मूळची जतकडची. तिकडं ओल शोधावी लागते. वडील रस्त्याच्या डांबराच्या कामावर होते आणि काम जिकडं जाईल तिकडं आमची पालं जायची. आठवीत दोन महिने बसले, मग काम रामनगरच्या बाजूला आलं आणि शाळा मागं राहिली ती राहिलीच. त्याच कामावरच्या ओळखीतून कर्नाटकातल्या जोयड्याच्या रानातलं हे स्थळ आलं. माहेर इतकं लांब पडलं की दोन वर्षांतून एकदा जाणं होतं.

इथं आल्यावर पहिल्याच आषाढात माझ्या लग्नातल्या पाकिटावर हिरवी बुरशी धरली. मीठ पाझरलं. काडी ओढली की गूल नुसता घासून निघायचा. मी रडकुंडीला आले तेव्हा सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणते, ताटीकडं बोट करून म्हणाल्या, "वर ठेव. हितं चूल हेच ऊन."

ते मी मनात धरून ठेवलं. परक्या मुलखात कुणी एक गोष्ट नीट सांगितली तर ती आपण देवासारखी धरतो.

यंत्र आलं ते बचत गटाच्या मॅडममुळं. आमच्या चार वाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं, तर म्हातारपणाचा पगार चालू राहतो. त्यासाठी पूर्वी जोयड्याला जायचं, म्हणजे बसनं अख्खा दिवस. आता वाडीवाडीत जाऊन अंगठा घेणारी बाई पाहिजे होती. मी मॅडमना विचारलं, "आठवी चालंल का? तीबी पुरी न्हाई."

"लिहिता वाचता येतं ना?"

"मराठी येतं. कानडी बोलते, वाचता येत न्हाई."

"चालतंय," त्या म्हणाल्या आणि यादीत माझं नाव लिहिलं. एवढंच. पण त्या 'चालतंय'ला मी आजही दिवसातून एकदा मनात हात जोडते.

रामनगरला दोन दिवस शिकवलं. शिकवणाऱ्यानं सांगितलं की या यंत्रात दोन मेंदू आहेत. एक मोठा, तो पडदा दाखवतो, आवाज काढतो. दुसरा नखाएवढा, एका वेगळ्या चिपमध्ये. अंगठ्याची खूण बाहेर पाठवण्याआधी तिला कुलूप लावणं हे त्याचं काम आणि किल्ल्या फक्त त्याच्याकडं. तो कुणाचं ऐकत नाही, मालकाचंसुद्धा. कुणी यंत्र खोलायला गेलं, तापवायला, गोठवायला गेलं तर किल्ल्या स्वतःच पुसून टाकतो. "मग हे यंत्र म्हणजे साबणाची वडी," तो म्हणाला. सगळ्या बायका हसल्या. मी हसले नाही. मी यंत्र दोन्ही हातांनी धरून बसले होते.

घरी आणलं तेव्हा आत्तींनी कोयता घेतला, बांबूच्या काड्या काढल्या आणि वाकड्या झालेल्या बोटांनी दोन दुपारी बसून यंत्राच्या मापाची झाकणाची टोपली विणली. ती ताटीवर ठेवली. "पोरीची नोकरी हाय ती," असं शेजारणीला म्हणाल्या. मला म्हणाल्या नाहीत.

त्या पावसाळ्यात इतर बायकांच्या यंत्रांच्या काचेत वाफ धरली. दोघींची बंद पडली. माझं ठणठणीत. मॅडमनी बैठकीत विचारलं, "तू कसं ठेवतेस ग?"

मी म्हणाले, "जपून."

खोटं नव्हतं. पण खरंही सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यांसमोर चूल कशाला काढायची असं वाटलं. तेव्हापासून एक बारीक काटा रुतून राहिला.

यंदा गणपती गेल्यावर फोनवर निरोप आला. आतल्या छोट्या मेंदूसाठी नवीन आवृत्ती आली आहे, महिना संपायच्या आत सगळ्यांनी बसवून घ्यायची, नाहीतर यंत्र चालणार नाही. सोबत एक यादी होती, वर इंग्रजी, खाली कानडी. मला दोन्ही सारखीच. म्हणून मी फोन थोरल्या जावेकडं, अक्काकडं नेला. ती कानडी शाळेत सातवीपर्यंत गेलेली. ती चुलीपुढं बसून काकडीचे घावन घालत होती. एका हातात उलथणं, दुसऱ्या हातात माझा फोन.

"दोन भाग हायत गे," ती म्हणाली. "पयला, काय काय बदललं. दुसरा, माहीत असलेल्या अडचणी."

"पयला वाचा."

"यंत्र लवकर जागं व्हणार. घड्याळ चुकलेलं असलं तर आतली चिप काम करणार न्हाई म्हणती. आन् ही चिप आता उष्णतेवर ज्यादा बारीक नजर ठेवणार." तिनं घावन उलटला. "मुकादमच की."

"आन् अडचणी?"

"ते मला कळत न्हाई. अडचणी माहीत हायत तर काढत का न्हाईत?"

"तुमाला मिसरी वाईट हे माहीत हाय. सोडली का?"

"लई शानी झाली," अक्का म्हणाली, पण हसली. मग वाचू लागली. पहिली अडचण: आवृत्ती बसवल्यावर पडदा दहा मिनिटांपर्यंत काळा राहील, घाबरून बंद करू नये. दुसरी: काचेवर ओल असली तर अंगठा लागणार नाही. तिसरी वाचताना तिचा आवाज हळू झाला. यंत्र विस्तवाजवळ किंवा बंद गाडीत फार तापलं, तर चिप त्याला हल्ला समजून स्वतःला कोंडून घेऊ शकते. आधीच्या आवृत्तीत ही नजर सैल होती.

अक्का थांबली. आम्ही दोघींनी एकाच वेळी मान वर केली. टोपली तिथं होती, खाली घावनाची वाफ, तिच्याखाली इंगळ.

"सगळ्या कर्नाटकात आपलंच एक चुलीवर असंल," अक्का म्हणाली.

तेवढ्यात घावन करपला आणि वाचन तिथंच राहिलं. तिसऱ्या अडचणीखाली चौथी होती. ती आम्ही वाचली नाही.

मला पुढचे दोन दिवस जेवण गेलं नाही. आवृत्ती बसवली नाही तर यंत्र बंद. बसवली आणि चुलीवर ठेवलं तर बंद. खाली ठेवलं तर ओल खाणार. आणि एक अंगठा अजून राहिला होता. वरच्या वाडीतली एकटी राहणारी आज्जी. मागच्या पावसाळ्यात तिच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून उंबऱ्याच्या बाहेर नाही. जीप तिच्या दारापर्यंत चढत नाही. या महिन्यात तिचा अंगठा गेला नाही तर पगार थांबणार आणि पुन्हा सुरू करायला जोयड्याचे किती हेलपाटे, किती महिने, कुणी सांगावं. तिला तर हेलपाटा घालताच येत नव्हता. मी तिच्याकडं एकदा जाऊन आले होते, पण तेव्हा तिला ताप होता आणि मी म्हणाले होते, असू दे आज्जी, अजून दिवस आहेत. ते दिवस मीच संपवले होते.

आमच्या घरात फोनला रेंज नाही. वरच्या वाडीच्या वाटेवर एक उंचवटा आहे, तिथं लागते. तिथं दगडावर बसून मी आवृत्ती बसवली. पडदा काळा झाला. यादीत लिहिलं नसतं तर मी खात्रीनं बटण दाबलं असतं. ज्यानं कुणी ती ओळ लिहिली त्याचं भलं होवो म्हणत बसले. पडदा उजळला.

तेवढ्यात सर आली म्हणून वर आज्जीकडं न जाता घरी आले आणि यंत्र फडक्यात गुंडाळून माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं. टोपली ताटीवर रिकामी राहू दिली. आत्तींना काही बोलले नाही. हीच माझी चूक. तुमची टोपली आता यंत्राला चालत नाही, हे त्या बोटांकडं बघून तोंडातून निघेना. मनाशी म्हटलं, त्यांच्या लक्षात येणार नाही.

महिना संपायच्या आदल्या दिवशी सकाळी मी वरच्या वाडीला निरोप द्यायला गेले, की उद्या अंगठ्याला येते. यंत्र सोबत नेलं नाही, कारण आभाळ दाटलं होतं. त्याच सकाळी आत्तींनी उकड्या तांदळासाठी भात उकडायला काढलं. घरातला तांदूळ संपत आलेला, चार दिवस उघडीप मिळाली होती, आणि बाहेरची चूल पावसानं खचलेली म्हणून मोठा हंडा आतल्या चुलीवर चढवला. भात उकडायचं म्हणजे जाळ कसा लागतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

मी परतले आणि दारातूनच पाहिलं. टोपली ताटीवर होती, पण झाकण लावलेलं. रिकाम्या टोपलीला कुणी झाकण लावत नाही.

"पेटीत गारठून पडलं हुतं तुझं यंत्र," आत्ती लाकूड सारत म्हणाल्या. "फडकंबी ओलं लागत हुतं. म्हटलं, इसरली पोर."

खाली काढलं तर तव्यावरच्या भाकरीसारखं गरम. पडद्यावर तांबडं कुलूप आणि खाली इंग्रजीची एक ओळ. मी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तांबडं कुलूप तसंच. तिसऱ्यांदा दाबायला बोट टेकवलं तेव्हा अक्कानं माझं मनगट धरलं.

"ठेव खाली."

"सोडा अक्का."

"ठेव म्हणते न्हवं. रागानं कुठलं कुलूप उघडत न्हाई."

मी ठेवलं. तिथंच हंड्याजवळ बसले. साबणाची वडी, साबणाची वडी, एवढंच डोक्यात. आज्जी, मॅडम, ते 'चालतंय'. सगळं एका हंड्यात उकडून निघालं.

उंचवट्यावर जाऊन मदतीच्या नंबरला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक माणूस बोलला. मी कानडीत सुरुवात केली, पण माझी कानडी ऐकून तोच मराठीवर आला. बेळगावकडची बोली होती.

"ताई, यंत्र पडलं का?"

"न्हाई."

"खोललं कुणी?"

"न्हाई सर. आई शपथ."

"शपथ नको. मग तापलं कशानं? कुठं ठेवलं होतं?"

चार दिवस ऊन होतं. उन्हात राहिलं म्हणाले असते तर चाललं असतं, त्याला काय दिसत होतं? शब्द तोंडात तयार होता. पण मला ती यादी आठवली. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनी आपल्या कामात काय काय बिघडतं ते स्वतःच लिहून आमच्यासारख्यांना पाठवलं होतं. त्यांना कुणी विचारायला गेलं नव्हतं.

"चुलीवर," मी म्हणाले.

त्यानं तो शब्द पुन्हा विचारला.

"चुलीवर म्हणजे... विस्तवावर?"

"वर ताटी असती सर. वाळवणाची. हितं ओल लई. दोन पावसाळे तिथंच हुतं, कायबी झालं न्हाई."

"रोज?"

"रोज."

"थांबा हं, लिहून घेतो." कीबोर्डचा आवाज आला. तक्रार लिहितोय असं मला वाटलं. मग तो म्हणाला, "कुलूप आल्यावर बटण किती वेळा दाबलं? नीट आठवून सांगा."

"दोनदा. तिसऱ्यांदा जावेनं हात धरला."

"जावेला माझा नमस्कार सांगा," तो म्हणाला. "तीनदा दाबलं असतं तर चिपनं किल्ल्या पुसल्या असत्या. यादीत चौथ्या नंबरला लिहिलंय बघा. आता ती फक्त कोंडून बसली असेल. असेल म्हणतोय, खात्री देत नाही. पूर्ण एक दिवस गार आणि कोरड्या जागी ठेवा, बटणाला हात लावू नका. उद्या दुपारनंतर एकदाच दाबा. तरी तांबडं दिसलं तर कारखान्यात पाठवावं लागेल, महिना तरी जातो."

"उद्या शेवटचा दिवस हाय सर. एक आज्जी ऱ्हायल्यात."

"मग गार आणि कोरडं," तो म्हणाला. "दोन्ही पाहिजे."

गार पाहिजे तर इथं ओल. कोरडं पाहिजे तर चूल. जतला असते तर कुठल्याही देवळीत ठेवलं असतं.

घरी आले आणि आत्तींपुढं बसले. सगळं सांगितलं. यादी, तिसरी अडचण, पेटीत का लपवलं ते. त्या उकडलेलं भात सुपात पसरत होत्या. हात थांबला नाही.

"आदी सांगायचं न्हाई व्हय?"

"तुमी रुसला असता."

"व्हय, रुसले असते," त्या म्हणाल्या. "दोन दीस." मग अक्काकडं वळून म्हणाल्या, "पेंढा आण गे, कोरडा. माळ्यावरचा."

आमच्याकडं पेरणीचं भात मुडीत ठेवतात. मुडी म्हणजे पेंढ्याचं घट्ट आवळलेलं गोल गाठोडं. बाहेर कितीही पाऊस असो, आतलं बी कोरडं राहतं आणि गारही. मी ती दहा वर्षं पाहत होते आणि मला सुचलं नव्हतं.

"बियाणं कोण चुलीवर ठेवतं व्हय?" आत्ती पेंढा पिळत म्हणाल्या. "भाजलं तर उगवंल काय? खायाचं ते चुलीवर. उगवायचं ते मुडीत. हे तुझं यंत्र खायाचं हाय का उगवायचं, ते तू मला आदी सांगाया पायजे हुतं."

यंत्र फडक्यात, फडकं भाताच्या कोंड्यात, कोंडा पेंढ्यात. नारळाएवढी मुडी झाली. चुलीपासून लांबच्या खोलीत खुंटीला लावली. मी त्या दिवशी किती वेळा त्या खोलीत जाऊन आले ते अक्कानं मोजलं आणि शेवटी म्हणाली, "तू सारखी बघाया लागलीस तर तुझ्याच अंगाच्या धगीनं तापंल ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुडी तशीच पिशवीत घालून आम्ही दोघी वर चढलो. अक्का छत्री धरून. भुरभुर चालू होती, वाटेवर जळवा. आज्जी खाटेवर बसून आमची वाट बघत होत्या, डोकं विंचरून, कुंकू लावून, फोटोला बसावं तशा.

"आलीस? मला वाटलं, औंदा मेली म्हणूनच लिवलंस."

"असं कसं आज्जी."

"गेल्या सालीबी जित्ती हुते, औंदाबी हाय. तुमास्नी दरसाल शंका का येती ते कळत न्हाई."

मी खाटेच्या पायाशी बसून मुडी सोडली. आज्जींनी मान पुढं काढून पाहिलं. "बियाणं आणलंस व्हय?"

यंत्र हाताला गार लागलं. कोरडं. बटणावर अंगठा ठेवला आणि दाबेना. अक्का माझ्या मागं उभी होती, तिचा श्वास मानेवर येत होता. दाबलं. एकदाच.

पडदा काळा.

तांबडं नव्हतं, पण दुसरंही काही नव्हतं. पहिली अडचण, मी मनात म्हटलं. पहिली अडचण, घाबरून बंद करू नये. पण ती तर आवृत्ती बसवल्यावरची. कोंडून बसल्यानंतर किती वेळ काळा राहतो हे कुठं लिहिलं होतं? पाचवी अडचण असेल का, त्यांनाही माहीत नसलेली? पत्र्यावर पाऊस वाढला. आज्जी पडद्याकडं बघत होत्या.

"मेलं काय गे?"

"न्हाई आज्जी. जागं व्हतंय."

"माझंबी सकाळी असंच हुतं," आज्जी म्हणाल्या.

मग पडदा उजळला आणि अंगठ्याची खूण दिसली. मी पदरानं काच पुसली, आज्जींचा अंगठा पुसला. जन्मभर विळा आणि उखळ धरून त्यावरच्या रेषा जवळजवळ गेल्या आहेत. उजवा लागला नाही. दोनदा. डावा लागला नाही. मी त्यांचं मधलं बोट धरलं आणि हलकेच दाबून ठेवलं, माझ्या माहेरी मेंढीच्या कोकराला धरतात तसं. यंत्रानं बारीक आवाज काढला. नोंद झाली.

अक्का मटकन खाली बसली. आज्जींनी बोट उलटसुलट करून पाहिलं. "झालं? आता सालभर कायबी केलं तरी चालंल म्हण की."

मॅडमना मी त्याच आठवड्यात जाऊन सगळं सांगितलं, 'जपून' म्हणाले होते तिथपासून. त्या रागावल्या. मला वाटलं, आता यंत्र मागतील. मी ते सोबतच नेलं होतं, परत द्यायला. त्यांनी मुडी हातात घेऊन फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी सांगायचं." पुढच्या वेळी म्हणाल्या. मी बसमध्ये बसेपर्यंत तो शब्द तपासत होते, बरोबर ऐकला ना म्हणून.

थंडीत पुढची आवृत्ती आली. यादी घेऊन मी अक्काकडं गेले, या वेळी तवा उतरल्यावर. बदलांचा भाग तिनं भरभर वाचला. अडचणींवर आली आणि तिचं बोट थांबलं. "लाकडाच्या चुलीवर किंवा चुलीवरच्या वाळवणाच्या जागी यंत्र ठेवू नये." तिनं पुन्हा वाचलं. नाव नव्हतं, गाव नव्हतं. पण फोनवरच्या त्या माणसानं त्या दिवशी तक्रार लिहिली नव्हती हे मला तेव्हा कळलं.

आत्ती कान देऊन होत्या. "आमची चूल छापली व्हय?"

"अडचणीत छापली आत्ती," अक्का म्हणाली. "बदलात न्हाई. म्हंजे सुधारलं कायबी न्हाई, नुसतं लिवलं."

"छापली न्हवं?" आत्ती म्हणाल्या, आणि त्यांनी तो फोन हातात घेऊन ती ओळ कुठली ते अक्काला दाखवायला लावलं. वाचता येत नाही त्यांना. बघत राहिल्या.

त्यांची टोपली अजून ताटीवर आहे, तिच्यात मिरच्या असतात. यंत्र मुडीत. मुडी दर महिन्याला त्या सोडून नव्यानं बांधतात, कुणी सांगावं लागत नाही. माझी धास्ती काही गेलेली नाही. सकाळी उठले की आधी त्या खोलीत जाऊन पेंढ्यात हात घालते, गार लागतं ना ते बघते, आणि मगच चूल पेटवते.